भाड्याच्या खुर्च्या

धंदा माझा खुर्च्यांचा. पांढऱ्या, प्लास्टिकच्या,
पाठीवर लाल रंगात आडनाव : पालमारेस.
बारसं, लग्न, मयतानंतरच्या नऊ रात्री, प्रचारसभा.
माणूस कशासाठी बसलाय ते खुर्चीला कळत नाही.
किती वेळ बसला, ते मला कळतं.

त्या वर्षी महापौरकीला दोन चुलतभाऊ उभे.
धाकट्याने थेट मनिलाहून आणली मारिवेल ओसोरियो,
रोज रात्री आठला टीव्हीवर जी डॉक्टर एलिसा असते,
खाडीकाठच्या गावात फुकट औषध देते
आणि पावसात कंदील घेऊन बाळंतपणाला जाते.

बाराशे खुर्च्या मागवल्या. बाराशे भरल्या.
बास्केटबॉलच्या कोर्टाभोवती झाडाझाडावर पोरं,
माझ्या ट्रकच्या टपावरसुद्धा
(त्याचं भाडं कोण देणार?).
ती आली. टीव्हीत दिसते त्याहून बुटकी.
दोन गाणी म्हणाली,
धाकट्याचं नाव चुकली. चुकली तरी टाळ्या.
साडेनऊला तिची गाडी हलली
आणि सिमेंटवर खुर्च्यांचे पाय किंचाळू लागले.

धाकटा बंदराबद्दल बोलत राहिला.
बरं बोलला, खरं सांगायचं तर.
मी मागे उभा राहून डोकी मोजली : तीनशे बारा.
त्यात चाळीसेक त्याचेच सोयरे, काही झोपलेले.

फ्लोरेन्सियो खुर्च्या रचत होता, त्याला म्हटलं,
नटीची सत्ता साडेनऊपर्यंत.
वाक्य मला इतकं आवडलं
की दोन दिवस ज्याला त्याला ऐकवत फिरलो.

मग मोजणी. शाळेत, माझ्याच खुर्च्यांवर.
मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायचे ते दिवस.
मास्तरीण बाई चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचायच्या,
फळ्यावर खडूच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी.
थोरला. थोरला. धाकटा. थोरला.
अकराच्या सुमाराला बाई थांबल्या,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं :
डॉक्टर एलिसा.

हशा झाला.
अर्ध्या तासाने पुन्हा तेच नाव, तेव्हा जरा कमी.
पाचव्या-सहाव्याला कोणीच हसलं नाही.
एकूण अकरा.
फळ्यावर त्या नावाला रकाना नव्हता.
बाईंनी तरी कोपऱ्यात रेघा ओढल्या होत्या, का कोण जाणे,
आणि पहाटे नियमाप्रमाणे पुसल्या.

धाकटा सातशेने पडला.
थोरल्याला ना गाणं येत होतं ना भाषण.
त्याने घरटी पाच किलो तांदूळ पोचवला होता,
आमच्याही घरी. चांगला होता तांदूळ.

घरी आलो तर आई जागी.
सहज विचारावं तसं विचारलं, तू कोणाला दिलंस?
ती बांगड्याचे काटे काढत राहिली.
मग म्हणाली, आपल्या दवाखान्याला तीन वर्षं कुलूप आहे.
ती रोज आठला येते. न चुकता.
तुमच्यातलं कोण येतं?

अगं, ती खोटी आहे, म्हणायला तोंड उघडलं होतं.
पण माझ्या पोटात थोरल्याचा तांदूळ होता.

तीन वर्षांनी मारिवेल पुन्हा आली,
या खेपेला थोरल्याच्या मंचावर.
तीच दोन गाणी. नाव मात्र बरोबर घेतलं.
बाराशे भरल्या, साडेनऊला किंचाळल्या.
मी भाडं आगाऊ घेतलं होतं.

आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली होती.
ती आली नाही.
ही ती नव्हे, म्हणाली,
आणि आठ वाजायच्या आत
टीव्हीसमोर जाऊन बसली, जमिनीवर.